युनिक्स कार्यप्रणालीतील शेल-बदल आणि प्रशासकाच्या प्रवेशाचा प्रश्न : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

युनिक्स आणि तिच्या परंपरेतील कार्यप्रणालींवर चालणाऱ्या संगणकात ‘रूट’ या नावाचे खाते सर्वाधिकारी असते. नवे वापरकर्ते नोंदविणे, फाइलींचे हक्क ठरविणे, बिघडलेली व्यवस्था दुरुस्त करणे ही सर्व कामे या खात्यातून होतात. या खात्याचा नेहमीचा शेल, म्हणजे प्रवेशानंतर आज्ञा स्वीकारणारी आज्ञावली, बदलल्यावर कधी कधी प्रशासकालाच प्रवेश मिळेनासा होतो. पासवर्ड बरोबर असतो, यंत्र सुरू असते, इतरांची कामेही निर्वेधपणे चालू असतात. परंतु ज्याच्याकडे दुरुस्तीचा अधिकार आहे, तोच दाराबाहेर राहतो.

ही अडचण सामान्यतः प्रशासकाच्या निष्काळजीपणाचा परिणाम मानली जाते आणि तिच्यावरील उपाय तांत्रिक पुस्तिकांत काही ओळींत सांगितले जातात. तथापि तिचा उगम युनिक्सच्या अगदी प्रारंभीच्या एका रचनात्मक निर्णयात आहे. शेल ही कार्यप्रणालीच्या गाभ्याबाहेरची एक साधी आज्ञावली असावी आणि ती कोणती हे एका मजकुराच्या फाइलीत लिहिलेले असावे, हा तो निर्णय होय. त्या निर्णयाने वापरकर्त्याला स्वातंत्र्य दिले आणि त्याच स्वातंत्र्यातून हा धोकाही निर्माण झाला. प्रस्तुत निबंधात या निर्णयाचा, त्यातून उद्भवलेल्या अडचणीचा आणि पुढील पाच दशकांत योजल्या गेलेल्या उपायांचा ऐतिहासिक आढावा घेण्यात आला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) शेल ही संकल्पना कार्यप्रणालीपासून वेगळी कशी झाली हे पाहणे.
२) शेल बदलल्याने प्रशासकाचा प्रवेश का अडतो, याची कारणे स्पष्ट करणे.
३) या अडचणीवरील उपायांचा विकास व त्यांमागील समान तत्त्व शोधणे.
४) पुनःप्रवेशाची सोय आणि सुरक्षितता यांतील परस्परविरोधाची चर्चा करणे.

शेल संकल्पनेचा उदय

१९६० च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत ‘सीटीएसएस’ ही कालविभाजन प्रणाली विकसित झाली. एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची सोय तीत होती. तेथे काम करणारे फ्रेंच संगणकशास्त्रज्ञ लुई पूझँ यांनी ‘रनकॉम’ ही आज्ञावली लिहिली. फाइलीत लिहून ठेवलेल्या आज्ञा ती एकामागून एक पार पाडीत असे. आज्ञांची ही भाषा कार्यप्रणालीपासून स्वतंत्र असावी हा विचार पूझँ यांनी पुढील ‘मल्टिक्स’ प्रकल्पासाठी मांडला आणि अशा आज्ञावलीला ‘शेल’ हे नाव दिले. मल्टिक्सचा पहिला शेल १९६५ मध्ये ग्लेंडा श्रोडर यांनी तयार केला. शेल म्हणजे कवच. गाभ्याभोवतीचे, वापरकर्त्याला प्रत्यक्ष दिसणारे आवरण, हा अर्थ त्या नावातच सामावलेला आहे.

मल्टिक्स प्रकल्पात बेल प्रयोगशाळेचाही सहभाग होता. १९६९ मध्ये ही प्रयोगशाळा प्रकल्पातून बाहेर पडली. त्यानंतर तेथील केन थॉम्पसन, डेनिस रिची व त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान यंत्रावर चालणारी युनिक्स ही कार्यप्रणाली घडविली. मल्टिक्समधील अनेक कल्पना त्यांनी सोप्या स्वरूपात स्वीकारल्या. शेलची कल्पना त्यांपैकीच एक होती.

पासवर्ड फाइलमधील शेवटचा रकाना

नोव्हेंबर १९७१ मध्ये युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीची माहितीपुस्तिका तयार झाली. तीत पासवर्ड फाइलीचे वर्णन आढळते. या फाइलीत प्रत्येक वापरकर्त्यासाठी एक ओळ असे आणि त्या ओळीतील रकाने अपूर्णविरामाने वेगळे केलेले असत. वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड, क्रमांक, कामाची निर्देशिका आणि शेवटी शेल म्हणून वापरावयाच्या आज्ञावलीचे नाव असा तो क्रम होता. हा शेवटचा रकाना रिकामा असल्यास नेहमीचा शेल वापरला जाई. पुढे रकान्यांची संख्या वाढली, पासवर्ड वेगळ्या सुरक्षित फाइलीत गेले. परंतु ओळीच्या शेवटी शेलचे नाव लिहिण्याची आणि रकाना रिकामा असल्यास नेहमीचा शेल देण्याची पद्धत आजतागायत टिकून आहे.

या रचनेचे महत्त्व रिची व थॉम्पसन यांच्या १९७४ च्या प्रसिद्ध शोधनिबंधात स्पष्ट होते. शेलच्या जागी दुसरी कोणतीही आज्ञावली नेमता येते, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. मजकूर संपादनापुरतेच काम असलेल्या कर्मचाऱ्यांना प्रवेश करताच संपादक आज्ञावली मिळावी, केवळ खेळासाठी येणाऱ्यांना बुद्धिबळासारखा खेळच मिळावा, अशी व्यवस्था शेवटचा रकाना बदलून करता येत असे. कार्यप्रणालीच्या गाभ्यात त्यासाठी कोणताही फेरफार करावा लागत नसे.

या सोयीची दुसरी बाजू प्रवेश देणाऱ्या ‘लॉगिन’ या आज्ञावलीच्या कामकाजात दिसते. ती प्रथम पासवर्ड तपासते, नंतर वापरकर्त्याचा क्रमांक व निर्देशिका निश्चित करते आणि अखेरीस शेवटच्या रकान्यातील आज्ञावली सुरू करून स्वतः बाजूला होते. ती आज्ञावली सुरू झाली नाही, तर लॉगिनकडे करण्यासारखे काही उरत नाही. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत अशा वेळी ‘शेल नाही’ एवढा संदेश देऊन लॉगिन समाप्त होत असे. रकाना रिकामा असेल तर बूर्न शेल मिळे. परंतु रकान्यात चुकीचे नाव असेल तर काहीच मिळत नसे. रिकामा रकाना व चुकीचा रकाना यांतील हा भेदच पुढील सर्व अडचणींचे मूळ आहे. रूटच्या ओळीलाही हाच नियम लागू होता; सर्वाधिकारी असूनही या टप्प्यावर त्याला कोणतीही सवलत नव्हती.

शेलची बहुविधता

शेल हा बदलण्याजोगा घटक असल्यामुळे एकामागून एक नवे शेल निर्माण झाले. थॉम्पसन यांचा मूळ शेल सहाव्या आवृत्तीपर्यंत टिकला. १९७९ मध्ये सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बूर्न यांचा शेल आला. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील बिल जॉय यांचा सी-शेल बीएसडी या वितरणातून प्रसृत झाला. डेव्हिड कॉर्न यांनी आपला कॉर्न शेल १९८३ मध्ये जाहीर केला. मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पासाठी ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला ‘बॅश’ १९८९ मध्ये, तर पॉल फाल्स्टाड यांचा ‘झेड-शेल’ १९९० मध्ये उपलब्ध झाला.

या शेलांमध्ये केवळ नावाचा भेद नव्हता. बूर्न शेल आज्ञांच्या फाइली लिहिण्यास सोयीचा होता, तर पूर्वीच्या आज्ञा पुन्हा बोलावण्याची सोय असल्यामुळे सी-शेल प्रत्यक्ष कामासाठी अधिक पसंत केला जाई. दोहोंची भाषा मात्र वेगळी होती. आज्ञेतील चुकांचे संदेश इतरत्र वळविण्याची बूर्न शेलमधील पद्धत सी-शेलला कळत नाही. आरंभी वाचल्या जाणाऱ्या फाइलींची नावेही भिन्न आहेत. त्यामुळे एका शेलची सवय झालेल्या प्रशासकाला दुसरा शेल परका वाटे आणि आपल्या आवडीचा शेल रूटलाही देण्याचा मोह स्वाभाविकपणे होई.

प्रवेश अडण्याची कारणे

प्रशासकाच्या प्रवेशातील अडचणींची कारणे पुढीलप्रमाणे वर्गीकृत करता येतात.

पहिले कारण मार्गाच्या चुकीचे आहे. एकच शेल वेगवेगळ्या कार्यप्रणालींत वेगवेगळ्या ठिकाणी असतो. लिनक्सवर बॅश सामान्यतः ‘बिन’ या मूळ निर्देशिकेत मिळतो. फ्रीबीएसडीवर तो बाहेरून बसविलेला शेल असल्यामुळे ‘यूएसआर’ अंतर्गत ‘लोकल’ या विभागात जातो. लिनक्सच्या सवयीने लिहिलेला मार्ग तेथे अस्तित्वातच नसतो.

दुसरे कारण फाइल-व्यवस्थेच्या विभागणीचे आहे. प्रारंभीच्या युनिक्स यंत्रांतील डिस्क आजच्या तुलनेत अत्यंत लहान होत्या. १९७४ च्या निबंधात वर्णिलेल्या यंत्रावर १ मेगाबाइटची एक स्थिर डिस्क आणि प्रत्येकी २.५ मेगाबाइटच्या चार काढण्याजोग्या डिस्क यांचा उल्लेख आहे. मूळ विभाग लहान ठेवून उर्वरित सामग्री दुसऱ्या विभागात ठेवण्याची पद्धत पुढेही चालू राहिली. यंत्र सुरू होताना प्रथम केवळ मूळ विभाग उपलब्ध असतो. रूटचा शेल ‘यूएसआर’ विभागात असेल आणि तो विभाग जोडला गेला नाही, तर नेमक्या दुरुस्तीच्या प्रसंगी प्रशासकाला शेल मिळत नाही.

तिसरे कारण अवलंबित्वाचे आहे. अनेक शेल सामायिक ग्रंथालय-फाइलींच्या आधारे चालतात. अशी एखादी फाइल नव्या आवृत्तीने बदलली किंवा काढली गेली, तर शेल जागेवर असूनही सुरू होत नाही. शेलचे पॅकेजच काढून टाकल्यासही हाच परिणाम होतो.

चौथे कारण परवानगीच्या यादीचे आहे. १९८६ च्या बीएसडी ४.३ मध्ये मान्य शेलांची यादी एका फाइलीत ठेवण्याची पद्धत आली. वापरकर्त्याने आपला शेल बदलताना या यादीबाहेरचा शेल निवडू नये, तसेच फाइल-हस्तांतर सेवेने यादीबाहेरचा शेल असलेल्यास प्रवेश देऊ नये, असा तिचा उद्देश होता. पुढे इतर काही सेवांनीही तिचा आधार घेतला. त्यामुळे नवा शेल उत्तम चालत असूनही केवळ यादीत नोंद नसल्यामुळे एखाद्या मार्गाने प्रवेश नाकारला जाऊ शकतो. दूरस्थ प्रवेशासाठी १९९९ पासून प्रचारात आलेली ‘ओपन-एसएसएच’ सेवा तर शेलची फाइल अस्तित्वात व चालविण्यायोग्य आहे का हे आधीच तपासते आणि नसल्यास वापरकर्त्यालाच अमान्य ठरविते. बाहेरून पाहणाऱ्याला ही पासवर्डची चूक वाटते; खरे कारण यंत्राच्या नोंदवहीत असते आणि ती नोंदवही वाचण्यासाठी आधी प्रवेश हवा असतो.

उपायांचा विकास

या अडचणीवरील उपाय एका वेळी किंवा एका योजनेनुसार आले नाहीत. त्यांचे स्थूलमानाने चार गट पडतात.

पहिला उपाय पर्यायी खात्याचा होय. फ्रीबीएसडीमध्ये रूटच्या बरोबरीने ‘टूर’ हे दुसरे खाते असते. इंग्रजी लिपीत रूट हा शब्द उलटा लिहिला की टूर होते. दोन्ही खात्यांचा क्रमांक शून्य असल्यामुळे अधिकार समान असतात. टूरच्या वर्णनात ‘बूर्न-अगेन सुपरयूजर’ असा विनोदी उल्लेख आहे. रूटला सी-शेल असताना बूर्न शेल हवा असणाऱ्या प्रशासकाची सोय त्यातून सूचित होते. या खात्याचा शेलचा रकाना रिकामा ठेवलेला असतो, हे लक्षणीय आहे, कारण रिकाम्या रकान्याचा अर्थ १९७१ पासून निश्चित आहे. आवडीचा शेल टूरला द्यावा व रूटला हात लावू नये, असा सल्ला याच कारणाने दिला जातो. जुन्या वाड्याच्या मोठ्या दरवाजात दिंडी ठेवण्यामागे जो विचार असे, तोच येथे दिसतो. मात्र टूर खात्याला प्रारंभी पासवर्ड नसल्याने ते बंद असते. प्रसंग येण्यापूर्वी त्याला पासवर्ड दिला नसेल, तर या दिंडीचा उपयोग होत नाही.

दुसरा उपाय शेलच्या स्वयंपूर्णतेचा होय. मूळ विभागातील शेल कोणत्याही सामायिक फाइलीवर अवलंबून नसावा, या हेतूने तो स्थिर पद्धतीने जोडलेला ठेवण्याची प्रथा अनेक युनिक्स प्रणालींत होती. जानेवारी २००४ मधील फ्रीबीएसडी ५.२ या आवृत्तीत मूळ विभागातील आज्ञावलीही सामायिक ग्रंथालय-फाइलींवर अवलंबून करण्यात आल्या. त्याच वेळी ‘रेस्क्यू’ नावाच्या निर्देशिकेत अत्यावश्यक आज्ञावलींच्या स्वयंपूर्ण प्रती ठेवण्यात आल्या. म्हणजे दैनंदिन व्यवहारातून बाद झालेले स्वावलंबनाचे तत्त्व आपत्काळासाठी वेगळे जतन केले गेले.

तिसरा उपाय लेखनापूर्वीच्या तपासणीचा होय. बर्कलेच्या प्रणालीत पासवर्ड फाइल संपादित करण्यासाठी ‘व्हीआयपीडब्ल्यू’ ही स्वतंत्र आज्ञावली देण्यात आली. एका वेळी एकालाच संपादन करू देणे आणि रूटची ओळ बिघडलेली आढळल्यास फाइल न स्वीकारणे, ही तिची कामे होत. बीएसडीच्या पुढील आवृत्त्यांत पासवर्ड फाइलीवरून शोधसूची तयार होऊ लागली. तेव्हा मूळ फाइल साध्या संपादकाने दुरुस्त करूनही उपयोग होईना, कारण शोधसूची जुनीच राही. म्हणून या आज्ञावलीचे महत्त्व अधिकच वाढले. शेल बदलणारी ‘सीएचएसएच’ ही आज्ञा सामान्य वापरकर्त्याला यादीबाहेर जाऊ देत नाही. प्रशासकाला मात्र बहुतेक ठिकाणी केवळ सूचना मिळते, मनाई होत नाही. ज्याच्या चुकीचा परिणाम सर्वांत मोठा, त्याच्यावरील बंधन सर्वांत कमी, हा युनिक्सच्या अधिकारकल्पनेतील विरोधाभास येथे प्रकट होतो.

चौथा उपाय लॉगिन टाळून जाण्याचा होय. ‘एसयू’ या आज्ञेने एक वापरकर्ता दुसऱ्याची ओळख धारण करू शकतो. सामान्यतः तीही लक्ष्य खात्याचाच शेल सुरू करते. परंतु बीएसडीमध्ये विशिष्ट पर्याय दिल्यास वापरकर्त्याचा स्वतःचा शेल कायम राहतो आणि लिनक्सवर हवा तो शेल सांगता येतो. १९८० च्या सुमारास बफेलो येथील न्यूयॉर्क राज्य विद्यापीठात बॉब कॉगशॉल व क्लिफ स्पेन्सर यांनी लिहिलेली ‘सुडू’ ही आज्ञा याहून पुढे जाते. ती एखादी ठरावीक आज्ञा रूटच्या अधिकाराने थेट चालविते. त्यासाठी रूटच्या शेलची गरज पडत नाही. सुडूद्वारे शेल बदलण्याची आज्ञा देऊन रूटची ओळ पूर्ववत करता येते. परंतु सुडूकडेच रूटचा संपूर्ण प्रवेश मागितल्यास ती रूटचा शेल शोधते आणि तीच अडचण पुन्हा उभी राहते.

हे सर्व मार्ग बंद असतील, तर यंत्रासमोर प्रत्यक्ष बसून एकल-वापरकर्ता स्थितीत जावे लागते. बीएसडी परंपरेतील यंत्र या स्थितीत शेलचा संपूर्ण मार्ग विचारते आणि उत्तर न देता कळ दाबल्यास मूळ शेल सुरू करते. पासवर्ड फाइलीतील रकान्याचा येथे संबंध येत नाही. त्यानंतर फाइल-व्यवस्था तपासून, ती लिहिण्यायोग्य करून, इतर विभाग जोडून रूटची ओळ सुधारता येते. लिनक्समध्ये यंत्र सुरू होताना गाभ्याला पहिली आज्ञावली म्हणून थेट शेल देण्याची सूचना करता येते. तेव्हा लॉगिन चालतच नाही. मूळ विभाग बहुधा केवळ वाचण्यायोग्य असतो. तो लिहिण्यायोग्य करून दुरुस्ती पूर्ण करावी लागते.

पुनःप्रवेश आणि सुरक्षितता

वरील प्रत्येक उपाय प्रशासकाला जेवढा उपयुक्त आहे, तेवढाच तो घुसखोरालाही उपयुक्त ठरू शकतो. यंत्राजवळ पोहोचलेल्या कोणालाही पासवर्डशिवाय सर्वाधिकार मिळणे सार्वजनिक ठिकाणी धोक्याचे आहे. म्हणून बीएसडीमध्ये मुख्य पटल ‘असुरक्षित’ असे नोंदविल्यास एकल-वापरकर्ता स्थितीतही रूटचा पासवर्ड विचारला जातो. लिनक्सवर यंत्र सुरू करणाऱ्या आज्ञावलीलाच पासवर्ड लावता येतो.

एसयू या आज्ञेतही हाच संघर्ष दिसतो. एखाद्या खात्याचा शेल मान्य यादीत नसेल, तर ते खाते मुद्दाम मर्यादित केलेले आहे असे ही आज्ञा समजते आणि सामान्य वापरकर्त्याला दुसरा शेल निवडू देत नाही. त्यामुळे रूटचा शेल यादीत असून बिघडला असेल, तर एसयूच्या पर्यायाने सुटका होते. परंतु मार्गच चुकीचा लिहिला गेला असेल, तर तो यादीत नसल्यामुळे हा मार्गही बंद होतो. घुसखोरी रोखण्यासाठी केलेली यादी येथे मालकालाच अडविते. उबुंटू या लिनक्स वितरणाने २००४ पासून रूटचे खाते बंद ठेवून सुडूवर भर दिला. रूट बंद असलेल्या काही आधुनिक प्रणालींत आपत्कालीन स्थितीत ‘रूट खाते बंद असल्याने प्रवेश देता येत नाही’ असा संदेश मिळतो. एक दार सुरक्षिततेसाठी बंद करताना दुसरे कोणते उघडे आहे याचा विचार झाला नाही, तर असे प्रसंग येतात.

अलीकडील बदल

पूर्वनिर्धारित शेल बदलण्याचे निर्णय पुढे कार्यप्रणालींच्या निर्मात्यांनीही घेतले. ॲपलने २००३ मध्ये टीसी-शेलऐवजी बॅश व २०१९ मध्ये बॅशऐवजी झेड-शेल स्वीकारला. हे बदल नव्या खात्यांना लागू करण्यात आले. २०१९ मध्ये जुन्या खातेदारांना केवळ सूचना मिळत असे. रूटचा शेल मात्र मूळ ‘एसएच’ हाच राहिला. नोव्हेंबर २०२३ मधील फ्रीबीएसडी १४.० मध्ये रूटचा शेल सी-शेलऐवजी ‘एसएच’ करण्यात आला. हा शेलही सी-शेलप्रमाणेच मूळ विभागातील आहे. सामान्य वापरकर्त्यांसाठी शेल बदलत राहिले, तरी रूटसाठी निर्माते मूळ विभागातील जुन्या व साध्या शेलकडे वळले, ही गोष्ट या इतिहासाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

निष्कर्ष

१) प्रशासकाचा प्रवेश अडण्याचे मूळ शेलला साधी आज्ञावली मानण्याच्या १९७१ च्या निर्णयात आहे. त्याच निर्णयामुळे नवनवे शेल निर्माण होऊ शकले. म्हणून त्याकडे केवळ दोष म्हणून पाहता येत नाही.

२) सर्व यशस्वी उपायांत एक समान तत्त्व आढळते. जो घटक बदलला जात आहे, त्याच्यावर अवलंबून नसलेला किमान एक मार्ग शिल्लक असला पाहिजे. टूर खाते, रेस्क्यू निर्देशिका, सुडू आणि एकल-वापरकर्ता स्थिती ही या एकाच तत्त्वाची वेगवेगळी रूपे आहेत.

३) पर्यायी मार्ग असणे पुरेसे नाही, तो आधी तपासलेला असावा लागतो. रूटचा शेल बदलताना एक प्रवेश चालू ठेवून दुसऱ्या पटलावरून नवा प्रवेश करून पाहणे, हा सर्वांत साधा व सर्वांत परिणामकारक उपाय आहे.

४) पुनःप्रवेश व सुरक्षितता यांचा समतोल प्रत्येक संस्थेने आपल्या परिस्थितीनुसार ठरवावयाचा आहे. महाविद्यालयीन प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी, जेथे यंत्रापर्यंत अनेकांचा हात पोहोचतो, तेथे हा निर्णय एका व्यक्तीच्या स्मरणावर न सोडता लेखी नोंदविलेला असणे हितावह ठरते. अन्यथा अडचणीच्या दिवशी उपाय अस्तित्वात असूनही तो कोणाला माहीत नसतो.